माइकसमोरची बाई



स्मृतिव्याख्यानाला वक्ता बोलावला की त्यानं एखाद्या समाजसुधारकावर, साहित्यिकावर किंवा फार तर नाट्यसंगीतातल्या एखाद्या थोर गायकावर बोलावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी एका नाइटक्लबमधल्या गायिकेवर बोलणार आहे, असं संयोजकांना कळवलं तेव्हा त्यांनी विषय लगेच मान्य केला, याबद्दल आधी त्यांचे आभार मानते.

त्या गायिकेचं नाव लॉर्ना कोर्डेरो. श्रोत्यांत कुणी गोव्याचे किंवा मंगळूरचे असतील तर त्यांना पुढचं काही सांगायची गरज नाही. गोव्यात लग्नाच्या मांडवात, चर्चच्या फेस्ताला, बसमध्ये, बारमध्ये तिचा आवाज गेली पन्नास वर्षं ऐकू येतो आहे. पण मुंबईत जन्मलेली, चर्चगेटच्या क्लबांत गायलेली ही बाई मराठी संगीतरसिकाला जवळजवळ अनोळखी आहे. आपण तिच्यापासून चार स्टेशनांच्या अंतरावर राहत होतो आणि तिचं नाव आपल्या कानावर आलं नाही. हे असं का झालं, हाच आज माझ्या बोलण्याचा विषय आहे. एखाद्या गायिकेचं नाव राहणार की पुसलं जाणार, हे तिच्या गळ्यावर फार थोडं अवलंबून असतं. तिचा आवाज ध्वनिमुद्रित झाला का, ती कोणत्या भाषेत गायली आणि तिनं कोणत्या करारावर सही केली, या तीन गोष्टी ते ठरवतात. लॉर्नाच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी ठळकपणे दिसतात, म्हणून तिची निवड केली.

आधी ती ज्या जगात वाढली त्याची थोडी ओळख करून घेऊ. तुम्ही बेंगळूरुच्या मराठी मंडळातले, तेव्हा तुम्हाला ते समजावणं सोपं आहे. १८०९ मध्ये इथं छावणी वसली आणि एका गावाची दोन शहरं झाली. पेठेत एक गाणं, कँटोनमेंटात दुसरं. १८६८ सालचे इथले क्लब, पुढे बॉलरूम, बँडस्टँड, साउथ परेड म्हणजे आजचा एम. जी. रोड, तिथली वाद्यवृंद ठेवणारी रेस्टॉरंटं. या सगळ्याला वाजवणारे हात लागत आणि गाणारे गळे लागत. ते आले अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबांतून. कलकत्त्याचा हिवाळा, मसुरी-उटीचा उन्हाळा आणि मधल्या काळात मुंबई, मद्रास, बेंगळूरु असा या मंडळींचा फिरता पोटापाण्याचा रस्ता होता. याच बेंगळूरुचा बिड्डू अप्पय्या आपला ट्रोजन्स हा बँड घेऊन कलकत्त्याच्या ट्रिंकाजमध्ये वाजवायला गेला, पुढे लंडनला पोचला, आणि १९७४ मध्ये त्यानं केलेलं ‘कुंग फू फायटिंग’ जगभर वाजलं. या रस्त्यावरून फार थोडे इतक्या लांब गेले. बहुतेकांच्या वाट्याला हंगामी करार, हॉटेलच्या मागच्या बाजूची खोली आणि पुढच्या हंगामाची काळजी आली.

गोवेकरांकडे हे वाजवणं आलं कुठून? पोर्तुगीज काळातल्या पॅरिशच्या शाळांतून. चर्चमध्ये गायक आणि व्हायोलिनवाले हवेत म्हणून गावोगावच्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवलं जाई. हे शिक्षण फुकट मिळे आणि शिस्त कडक असे. त्यामुळे गावातला गरीब मुलगाही कागदावरचं संगीत वाचू शके. मुंबईत आल्यावर धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गावाच्या नावानं चालणाऱ्या वसतिगृहात, त्याला एक ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळे, आणि कागद वाचता येतो या एका गुणावर काम मिळे. मूकपटाच्या पडद्यासमोर वाजवणारे हेच, पुढे बोलपटांच्या वाद्यवृंदांत बसणारे हेच. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळं जग चिक चॉकलेट म्हणे, तो ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवी आणि सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातही वाजवी.

इथं आपल्या मराठी मनाला एक आठवण करून द्यायला हवी. १९५१ चा ‘अलबेला’. दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं, म्हणजे त्याच सी. रामचंद्रांचं. आणि पडद्यावर चिक चॉकलेट आपल्या बँडसह प्रत्यक्ष हजर. ज्या चित्रपटातल्या नाचावर आपले आजोबा थिरकले, तो लालबाग-परळची मराठी चाळ आणि धोबीतलावचं गोवेकर कूड यांच्या संगनमतानं तयार झाला होता. एकमेकांना ओळखत नव्हतो, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. आपण त्यांच्या तालावर नाचलो आणि त्यांची नावं विचारली नाहीत, एवढंच.

आता त्या क्लबमधल्या गायिकेकडे वळू. तिचं काम काय होतं, हे नीट समजून घेऊ, कारण सिनेमानं आपल्या डोक्यात एक भलतंच चित्र बसवलं आहे. सिनेमातली क्लबची गायिका म्हणजे मोना, रोझी, लिली; हातात ग्लास, खलनायकाशी संधान, आणि शेवटच्या रिळाच्या आधी एक गोळी. प्रत्यक्षातली गायिका नोकरदार होती. संध्याकाळी बँडबरोबर तालीम, मग रात्री ठरलेल्या हप्त्यांत गाणं. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, चाचाचा, जाइव्ह. नाचणाऱ्यांचे पाय थकले की संथ गाणं, ते बसायला लागले की पुन्हा उडतं. टेबलांवरून फर्माइशीच्या चिठ्ठ्या येत. समोर जेवणाऱ्यांच्या काटेचमच्यांचा आवाज, हवेत धूर आणि मागे ट्रंपेट-सॅक्सोफोनचा मारा. त्यावर आपला आवाज चढवायचा, शब्द स्पष्ट ठेवायचा आणि चेहऱ्यावर असं दिसू द्यायचं की हे गाणं आज पहिल्यांदाच सुचतंय. हा शेवटचा भाग अभिनयाचा. क्लबमधली गायिका ही नटीही असते. तिला संवाद नसतात, पात्राचं नाव नसतं, पण रोज रात्री तीन मिनिटांत एक प्रेयसी, एक परित्यक्ता, एक खट्याळ पोरगी उभी करायची असते, आणि तीही समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहून.

गाणं आणि अभिनय एकाच देहात असण्याची ही परंपरा आपल्याला परकी आहे का? मुळीच नाही. आपल्या तमाशातली, बैठकीतली, संगीत नाटकातली कलावंत तेच करत होती. बोलपटाच्या सुरुवातीला शांता आपटेनं तेच केलं. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये तिनं लाँगफेलोची इंग्रजी कविता कॅमेऱ्यासमोर गायली, पाठीशी भरगच्च वाद्यवृंद नसताना, आणि तो प्रसंग आजही उभा राहतो, कारण गाणारी आणि भोगणारी बाई एकच आहे. पण तोवर पार्श्वगायन आलं होतं. १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून ती सोय सुरू झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत तिनं गाणाऱ्या नटीची जात जवळपास संपवली. एका बाईचा गळा, दुसरीचा देह. गीता दत्तनं स्टुडिओत गायचं, हेलननं पडद्यावर नाचायचं. या विभागणीतून अजरामर गाणी मिळाली, हे खरंच. त्यात एक सामाजिक सोयही होती. गाणारी स्त्री स्टुडिओच्या काचेआड, साडीत, निष्कलंक; आणि पाहिली जाणारी स्त्री पडद्यावर, तिला काय हवं ते म्हणा. क्लबची गायिका या दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी बसलेली होती. म्हणून सिनेमात तिला जागा उरली नाही. तिच्या पेशाचं सोंग पडद्यावर शेकडो वेळा आलं, ती स्वतः आली नाही.

उषा उथुप हा याला ठळक अपवाद. १९६९ मध्ये मद्रासच्या नाइन जेम्समधून तिची सुरुवात झाली, मग कलकत्त्याचं ट्रिंकाज, आणि १९७२ च्या ‘बाँबे टू गोवा’मध्ये ती स्वतःच गाताना पडद्यावर दिसते. तिला हे जमलं त्याचं कारण तिच्या आवाजात आणि जिद्दीत आहेच. पण कांजीवरम साडी, केसांत गजरा आणि कपाळावर मोठं कुंकू लावून नाइटक्लबमध्ये उभं राहण्यातही आहे. प्रेक्षकाच्या मनातली चौकट तिनं वेशानंच गोंधळात टाकली. याच काळात आपल्याकडे सुलोचना चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता शृंगाराच्या लावण्या गात होती. दोघींबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या पदराकडे आणि त्या कांजीवरमकडे पाहताना मला त्यात प्रवेशाची फी दिसते. धीट गाणं गायचं असेल तर अंगावर सोज्वळतेची पावती लावून या, अशी ती अट होती. जिनं ती पावती लावली नाही, जी झगा घालून माइकसमोर उभी राहिली, तिचं काय झालं? इथं आपण लॉर्नाकडे येतो.

लॉर्नाचा जन्म १९४६ चा. घराणं मूळचं बारदेशातल्या साळगावचं, जन्म मुंबईचा. शाळकरी वयातच ती अमेरिकन गायिका कॉनी फ्रान्सिसची गाणी हुबेहूब गाई आणि गाण्यांच्या स्पर्धांतून तिचं नाव झालं होतं. तिथून तिला ख्रिस पेरीच्या बँडमध्ये बोलावणं आलं. ख्रिस पेरी १९२८ चा, मडगावच्या बोर्डा भागातला. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्हींवर हुकमत, स्वतः गाणी लिहिणारा, चाली बांधणारा आणि तालमीत कमालीचा कडक. अशा माणसाच्या हाताखाली ती किशोरवयात आली. मुंबईत दारूबंदीचा कायदा १९४९ पासून होता, तरी चर्चगेटचा रस्ता रात्री जागा असे. व्हेनिस, अँबॅसेडर, बाँबेलीज, गेलॉर्ड अशी एकाला लागून एक ठिकाणं. अस्टोरिया हॉटेलातल्या व्हेनिसमध्ये जाझ ऐकायला खरे कानसेन जमत. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आणि १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन मुंबईत येऊन वाजवून गेले, तेव्हा इथल्या वादकांना आपण जगाच्या बरोबरीनं वाजवतो आहोत असं वाटावं अशी ती हवा होती. त्या हवेत पेरीचा बँड आणि लॉर्नाचा आवाज हे एक नाव झालं.

आता पहिला मुद्दा, ध्वनिमुद्रणाचा. इंग्रजी गाणी रोज रात्री गाणाऱ्या पन्नास गायिका त्या काळात भारतात असतील. त्यांचं गाणं त्या रात्रीबरोबर संपलं. ग्रामोफोन कंपनीनं त्यांच्या तबकड्या का काढाव्यात? मूळ गायिकेची तबकडी दुकानात मिळतच होती. उसन्या गाण्याला बाजारात किंमत नसते. इथं पेरीनं जे केलं ते निर्णायक ठरलं. त्यानं कोकणीत गाणी लिहिली. चाल, वाद्यमेळ, ताल जाझचे आणि लॅटिन अमेरिकेतले. शब्द आणि माणसं गोव्यातली. एचएमव्हीनं १९७१ मध्ये ‘बेबदो’ काढलं. दारुड्याला उद्देशून गायलेलं हे गाणं ऐका. ट्रंपेट तिरकस हसतं, आणि लॉर्नाचा आवाज रागावतो, चिडवतो, मधेच घोगरा होतो. नवऱ्याच्या पिण्यानं गांजलेल्या घराघरातल्या बाईचा तो आवाज होता, पण रडका नव्हता. ‘पिसो’, ‘लिस्बोआ’, ‘सोर्गा राजांत’, ‘कळंगुट’, ‘नशिबाक रडटा’ अशी गाणी आली आणि मुंबई, गोवा, मंगळूर, आखाती देश, पूर्व आफ्रिका, जिथं जिथं कोकणी ख्रिस्ती कुटुंब होतं तिथं तिथं त्या तबकड्या पोचल्या.

म्हणजे दुसरा मुद्दाही त्यातच आला, भाषेचा. इंग्रजीत गाणारी लॉर्ना चर्चगेटच्या चार भिंतींत राहिली असती. कोकणीनं तिला एक समाज दिला. बोटीवर काम करणारा नवरा, मागे राहिलेली बायको, शहरात हरवलेला मुलगा, परदेशी निघालेला प्रियकर. ज्या समाजाचं अर्धं आयुष्य निरोप देण्यात गेलं, त्याला आपल्या बोलीत आणि आजच्या तालात गाणारा आवाज हवा होता. कोकणीत गाणं काही नवं नव्हतं. तियात्र हा नाट्यप्रकार मुंबईतच जन्माला आला, १८९२ मध्ये, न्यू आल्फ्रेड थिएटरात. आणि १९०४ मध्ये रेजिना फर्नांडिस त्या रंगमंचावर उभी राहिली. म्हणजे बालगंधर्व स्त्रीवेशात रंगमंचावर येण्याच्या आधीच गिरगावाशेजारच्या या लोकांनी खरी स्त्री नाटकात आणली होती. आपल्या नाट्येतिहासाच्या पुस्तकांत याला किती ओळी मिळतात, ते घरी गेल्यावर पाहा.

आणि याच भाषेमुळे ती आपल्यासाठी अदृश्यही झाली. हे जरा टोचणारं आहे, पण व्यासपीठ मिळालं आहे तर बोलायला हवं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? ३४,०२१ मतांच्या फरकानं विलीनीकरण हरलं. त्या कौलात कोकणी गाण्यांनी मोठं काम केलं होतं. मराठी विद्वानांचा एक मोठा वर्ग तेव्हा कोकणीला मराठीची बोली म्हणत होता, आणि हरल्यानंतर त्या भाषेकडे रुसलेल्या थोरल्या भावासारखी पाठ करून बसला. कौलानंतर चार वर्षांनी ‘बेबदो’ आलं. रोमन लिपीत छापलेलं, ख्रिस्ती घरांत वाजणारं, क्लबमधून आलेलं, आणि त्या नको असलेल्या भाषेतलं. आपल्या संगीतसमीक्षेनं त्याची दखल घ्यायची तर चार उंबरे ओलांडायला हवे होते. एकही ओलांडला गेला नाही. शंकर-जयकिशनच्या वाद्यमेळातलं पाश्चात्त्य वळण आपण कौतुकानं उलगडून दाखवलं; तेच वळण आपल्या शेजारच्या भाषेत, एका बाईच्या आवाजात, आपल्याच शहरात वाजत होतं, तेव्हा आपण ऐकलं नाही.

तिसरा मुद्दा कराराचा, आणि मला सर्वांत जास्त त्यावरच बोलायचं आहे. लॉर्नाची गोष्ट जिथं जिथं सांगितली जाते, तिथं ती प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. विवाहित बँडमास्टर, तरुण गायिका, उत्कर्ष, ताटातूट, एकाकीपण. दोन माणसांच्या खासगी आयुष्यात शिरण्याचं मला कारण दिसत नाही. शिवाय ही प्रेमकथा एक महत्त्वाची गोष्ट झाकते. पेरीच्या बँडशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही, असा तिचा करार होता, असं तिच्याबद्दल लिहिणारे सगळेच सांगतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं वेगळे झाले. गाणी त्याची, बँड त्याचा, तबकड्या कंपनीच्या. तिच्याजवळ उरला फक्त गळा, आणि तो वापरायला बंदी. पुढची वीसहून अधिक वर्षं ती गायली नाही. गोव्यात तिची गाणी वाजत होती, लोक त्यावर नाचत होते, आणि ती मुंबईत गप्प होती. कित्येकांना ती हयात आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. याला विरह म्हणणं काव्यमय आहे. मी त्याला कामाच्या अटी म्हणेन.

या बाबतीत कायदा तिच्या बाजूनं काही बोलत होता का? आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात गीतकार होता, संगीतकार होता, निर्माता होता, ध्वनिमुद्रण करणारी कंपनी होती. गायक नव्हता. १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आवर्जून वेगळी टिपणी जोडली, की ज्या देशात गाण्याला प्राण गाणारा देतो, तिथं कायदा त्याला काहीच देत नाही, याचा संसदेनं विचार करावा. संसदेनं विचार करायला सतरा वर्षं घेतली. १९९४ च्या दुरुस्तीनं कलावंताचे हक्क मान्य झाले, १० मे १९९५ पासून ते लागू झाले, आणि गाण्याच्या कमाईतला वाटा मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत यायला २०१२ उजाडलं. म्हणजे ‘बेबदो’ गायली तेव्हा लॉर्ना कायद्याच्या दृष्टीनं त्या गाण्यात नव्हतीच.

करारापुढे बाईनं हतबलच व्हावं, असं मात्र नाही. शांता आपटेचं उदाहरण पुन्हा घेते. १९३९ च्या जुलैत प्रभात कंपनीशी कराराच्या अटींवरून तिचं बिनसलं, तेव्हा ती पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. वर्तमानपत्रांनी चेष्टाही केली. पुढच्याच वर्षी तिनं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात माणसाची पिळवणूक कशी होते, ते न लाजता मांडलं. शांता आपटेला हे करता आलं, कारण ती तोवर मोठी नटी होती, वर्तमानपत्रं तिच्या भाषेत निघत होती आणि फाटकाबाहेर तिचे प्रेक्षक उभे होते. लॉर्ना कुणाच्या फाटकाशी बसणार होती? क्लबचा मालक, बँडमास्टर, तबकडीची कंपनी, यांतला नक्की कोण तिचा मालक होता, हे सांगणंच अवघड. असंघटित कामगाराचं दुखणं हेच असतं; त्याला पिळणारा हात दिसतो, पण पत्ता सापडत नाही.

१९९५ मध्ये ती परतली. संगीतकार रॉनी मोन्सेरात यानं तिला शोधून, मनधरणी करून, ‘हॅलो लॉर्ना’ हा नवा संग्रह केला, आणि पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर तिचा कार्यक्रम झाला. पन्नाशीला टेकलेली बाई, आवाज पूर्वीपेक्षा जाड आणि खरखरीत, आणि समोर तिची जुनी गाणी तोंडपाठ असलेली, पण तिला कधीच न पाहिलेली पिढी. त्यानंतर ती गात राहिली, गोव्यात, आखातात, युरोपात. ख्रिस पेरी दुबईत संगीतशाळा चालवून पुढे गोव्यात परतला आणि २००२ च्या जानेवारीत वारला. त्याच्या मोठेपणाबद्दल शंका नको. कोकणी गाण्याला त्यानं जे दिलं ते दुसऱ्या कुणी दिलं नाही. मोठा कलावंत हा चांगला मालक असतोच असं नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

२०१५ मध्ये एक मजेदार योग आला. दोन चित्रपट एकाच वर्षात लोकांसमोर आले, दोन्हींत साठच्या दशकातली मुंबईतली गोवेकर क्लब-गायिका. एक अनुराग कश्यपचा ‘बाँबे वेल्वेट’. अफाट खर्च, बडे तारे, जुन्या मुंबईचा भव्य सेट. तो आठवड्याभरात कोसळला. दुसरा बारड्रॉय बार्रेटोचा कोकणी ‘नाचूंया कुंपासार’, लोकांकडून पैसे गोळा करून केलेला, गोव्यातल्या सभागृहांतून दाखवत फिरवलेला. पेरीची वीसेक गाणी त्यात नव्यानं वाजवली. त्याला कोकणीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नायिका पालोमी घोष हिच्या अभिनयाचा परीक्षकांनी खास उल्लेख केला. पालोमी मुळात बंगाली, कोकणी शिकून तिनं ती भूमिका केली. दुसऱ्यातली गायिका टिकली, कारण तिच्यामागे एक भाषा आणि त्या भाषेत रडलेली-नाचलेली माणसं होती. पहिलीच्या मागे फक्त प्रकाशयोजना होती.

आता बेंगळूरुबद्दल. तुमच्या शेजारी, मैसूरच्या दरबारात, गौहर जाननं शेवटचे दिवस काढले आणि जानेवारी १९३० मध्ये तिथंच ती गेली. १९०२ मध्ये कलकत्त्याला जेव्हा तिचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा तबकडीच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगे. जर्मनीतल्या कारखान्यातल्या तंत्रज्ञाला तबकडी ओळखता यावी म्हणून ती पद्धत होती. त्या तांत्रिक गरजेमुळे निदान तिचं नाव तिच्या आवाजाला चिकटलं. एम. जी. रोडवरच्या थ्री एसेस किंवा ब्लू फॉक्समध्ये गायलेल्या मुलींना तीही संधी मिळाली नाही. त्यांच्या नोंदी सापडल्याच तर पोलिसांच्या परवान्यांच्या फायलींत सापडतील. हा योगायोग समजू नका. आपल्या शासनानं व्यासपीठावरच्या बाईकडे नेहमी परवान्याच्या खिडकीतूनच पाहिलं. बेंगळूरुसाठी २००५ मध्ये सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचा आदेश निघाला. त्यात लाइव्ह बँड, कॅबरे, डिस्कोथेक हे सगळे एका माळेत ओवले होते, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश वैध ठरवला. त्याच २००५ मध्ये महाराष्ट्रानं डान्सबारवर बंदी घातली. उच्च न्यायालयानं ती २००६ मध्ये रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. या वादांत अग्निशमन, वाहनतळ, शेजाऱ्यांची झोप, मुलींची सुरक्षा, सगळ्यांचा विचार झाला, आणि तो व्हायलाच हवा. पण गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईला किती पैसे मिळतात, करार लेखी असतो का, आजारी पडली तर काय, काम सोडून दुसरीकडे जाता येतं का, हे प्रश्न दोन्ही बाजूंच्या घोषणांत क्वचितच ऐकू आले. नैतिकतेवर आपण तासन्‌तास बोलतो. मजुरीवर बोलायला लाजतो.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. लॉर्नाला कुणी विसरलं नाही, कारण तिच्या तबकड्या होत्या आणि तिची भाषा जिवंत होती. तरीही तिचा आवाज वीस वर्षं बंद राहिला, कारण तो तिच्या मालकीचा नव्हता. आठवण आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण सांस्कृतिक माणसं आठवणीवर फार खूश असतो. स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह, स्मृतिव्याख्यान. ज्याची स्मृती जपायची त्याला जिवंतपणी त्याचा वाटा मिळाला का, हे विचारणं आपल्याला जरा असभ्य वाटतं.

म्हणून शेवटी दोन कामं सुचवते. पहिलं संशोधनाचं. फ्रेझर टाउन, कुक टाउन, लिंगराजपुरम इथं जुन्या बँडवाल्यांची मुलं-नातवंडं आजही राहतात. त्यांच्या कपाटांत करारांचे कागद, हॉटेलांच्या कार्यक्रमपत्रिका, फोटो असतील. तुमच्यातल्या तरुण मंडळींनी एक रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जावं आणि पहिला प्रश्न असा विचारावा, तुमच्या बँडमध्ये गात कोण होतं आणि तिला किती मिळत होतं? भाषा इंग्रजी असेल, कोकणी असेल, तमिळ असेल. मराठी मंडळानं फक्त मराठी माणसाचीच नोंद ठेवावी असा काही नियम नाही.

दुसरं काम संयोजकांसाठी. पुढच्या वर्षी या दिवशी माझ्यासारखा वक्ता बोलावू नका, गाणारी बोलवा. या शहरात आजही हॉटेलांत, पबांत, लग्नांत गाणाऱ्या मुली आहेत. त्यांतल्या एकीला हे व्यासपीठ द्या. मानधन आधी आणि लेखी ठरवा. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करणार असाल तर ते कुणाच्या मालकीचं, ते त्याच कागदावर लिहा. निमंत्रणपत्रिकेवर तिचं पूर्ण नाव छापा, आणि तिनं काय नेसून यावं याबद्दल तिला फोन करू नका.